बाजेखालची शेगडी

"बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, लेकराला तेल लावायचं, त्यात लिहिण्यासारखं काय असतं?" असं माझी थोरली सून म्हणाली. ती औरादच्या शाळेत शिकवते, तेव्हा लिहिण्यासारखं कशात असतं ते तिला जास्त कळतं. पण दिवाळी अंकवाल्यांनी विचारलं मला, तिला नाही, म्हणून बसले लिहायला. पाटावर बसायचं काम गुडघ्यांनी बंद करायला लावलं. खुर्चीवर बसायचं अजून जमतं.

माझं नाव कलावती, पण औराद ते चिंताकी या कर्नाटकाच्या सीमेवरच्या पट्ट्यात त्या नावानं मला कोणी ओळखायचं नाही. मराठी घर असो, कानडी असो, मुसलमानाचं असो, सगळीकडे मी 'अक्का'. शाळेत मी गेले नाही. मुलं मोठ्यानं धडे वाचायची, ते चुलीपाशी बसून ऐकायची आणि मग त्यांचीच पुस्तकं घेऊन अक्षरं लावत बसायची. म्हणून माझं लिहिणं बोलल्यासारखं आहे. काने-मात्रे सुनेनं तपासलेत, मजकुराला हात लावू दिला नाही.

आधी काम काय ते सांगते. मी सुईण नाही. बाळंतपण दवाखान्यातच व्हावं या मताची मी पहिल्यापासून. माझं काम त्याच्या पुढचं. बाळंतीण घरी आली की सव्वा महिना रोज सकाळी मी जायची. न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसायचं, लेकरू नडग्यांवर पालथं घ्यायचं, करडईच्या तेलानं चोळायचं आणि पाणी असं ओतायचं की नाकातोंडात थेंब जाऊ नये. नवख्या बाईच्या पायांवर लेकरू किंचाळतं. माझ्या पायांवर झोपी जायचं. ही बढाई वाटली तर वाटू द्या, खरी आहे.

मग बाळंतिणीचं अंग चोळायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि शेवटी शेक. दोरीनं विणलेली बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. बाळंतीण डोक्याला फडकं बांधून कुशीवर झोपणार, लेकरू दुपट्यात गुंडाळून तिच्या पोटाशी. दार लावलेलं, खिडकी लावलेली, फटीत चिंधी. प्यायचं पाणी शेपा घालून उकळलेलं, तेही वाटीनं मोजून. जास्त पाणी प्यालं तर पोट सुटतं, वारं लागलं तर जन्माचं दुखणं लागतं, असं सगळे मानायचे. मानायचे म्हणजे काय, मीच घरोघर सांगायची. माझ्या शेगडीला धूर नसायचा आणि निखारा दुपारपर्यंत धरून राहायचा, अशी माझी ख्याती. पार उदगीरकडून बोलावणी यायची.

गरीब स्वभावाच्या बाळंतिणी पाणी मागायच्याच नाहीत. हुशार असायच्या त्या चूळ भरायला म्हणून तांब्या मागायच्या आणि चूळ गिळून टाकायच्या. मला ते दिसायचं. मी तोंड फिरवून लेकराची टाळू भरत बसायची. आता वाटतं, मला दिसत होतं म्हणजे काहीतरी कळतही होतं.

तुम्ही म्हणाल, ही सगळी अडाणीपणाची कामं. तसं सरसकट नाही. पूर्वीची घरं माळवदाची. हातभर जाड भिंती, वर मातीचं छप्पर, आत भर दुपारीसुद्धा गारवा. हिवाळ्यात तर तिथं ओल्या अंगाची बाळंतीण कुडकुडायची. त्या खोलीला शेगडी हवीच होती. चैत्रातसुद्धा पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावं लागायचं. आता शिवरात्र झाली की ऊन चटके द्यायला लागतं आणि वैशाखात पहाटे भिंतीला हात लावला तरी भिंत गरम. माळवदं पडली, पत्रे आले, स्लॅब आले. वरचं आभाळ बदललं, डोक्यावरचं छप्पर बदललं, आणि बाजेखालची शेगडी तेवढी तीच राहिली.

हे मला आपोआप सुचलं नाही. एका वाडीत मी ऐन उन्हाळ्यात शेक देत होते. सहाव्या दिवशी लेकरू तापलं, दूध ओढेना. मी ठामपणानं सांगितलं, वारं लागलंय, आणखी एक गोधडी घाला. संध्याकाळपर्यंत त्याला झटका आला, तेव्हा कुठं दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई कलबुर्गीकडच्या, कानडीच बोलायच्या. त्यांनी लेकराचे सगळे कपडे काढले, सुईनं पाणी चढवलं आणि ते सावरल्यावर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का, हा ताप लेकराचा नाही. खोलीचा आहे."

ते लेकरू वाचलं, आता शाळेत जातं. पण त्या आधीची एक-दोन लेकरं होती, जी उन्हाळ्यात गेली आणि ज्यांच्या आयांना मी सांगितलं होतं की वारं लागून गेली. त्या आयांची नावं मला पाठ आहेत. इथं लिहीत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला रागावून हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी बैठकीला बोलावलं. मी, सरकारी दवाखान्याच्या आशाताई आणि माझ्यासारख्या आणखी चार न्हाऊ घालणाऱ्या. त्यांनी समजावून सांगितलं की नुकत्याच जन्मलेल्या लेकराला मोठ्या माणसासारखा घाम येत नाही, त्याला गुंडाळून तापवलं तर ते आतल्या आत वाळतं. लेकराला वरचं पाणी द्यायचं नाही, आईचंच दूध पुन्हा पुन्हा द्यायचं, आणि आईनं तहान लागेल तेवढं पाणी प्यायचं. मग म्हणाल्या, हे आपल्या तालुक्यापुरतं नाही, सगळं जगच तापायला लागलंय. थंड मुलखात जिथं पंखासुद्धा लागत नव्हता, तिथं म्हातारी माणसं बंद घरात उन्हानं जातात. डोंगरावर जिथं थंडीनं डास टिकत नव्हता, तिथं आता डासाचे आजार चढतात. आणि कुठंही जा, पहिला फटका पोटुशीला, बाळंतिणीला, तान्ह्याला आणि म्हाताऱ्याला. मी म्हटलं, बाई, जगाचं तुम्ही बघा, माझ्या पट्ट्यातल्या बाजा मी बघते. त्या हसल्या. मी मात्र थट्टेनं म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून उन्हाळ्यात मी शेगडी बंद केली. पटवून सांगायला काही वर्षं गेली. कुणी ऐकलं, कुणी दुसरी बाई बघितली. एका आजोबांनी मला तोंडावर सांगितलं की अक्का आता म्हातारी झाली, शेगडी पेटवायचा कंटाळा करते. आता शांताची गोष्ट सांगते. तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

शांता चिंताकीची, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. तिच्या मल्लूच्या वेळी तिला मीच न्हाऊ घातलं होतं. पौष महिना, जाड भिंतींचं माळवद, आणि बाजेखाली माझी शेगडी. आजही शांता एक हात कमरेवर ठेवून ताठ चालते आणि विचारील त्याला सांगते, "ही अक्काच्या शेगडीची कंबर हाय." माझी यापेक्षा मोठी जाहिरात कुणी केली नसेल.

मल्लू मोठा झाला आणि बांधकामाच्या कामावर आखातात गेला. इकडं एका वर्षी पाऊस असा लागून राहिला की माळवद बसलं. तो परत आल्यावर घर बांधू म्हणून तोवर पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या. त्याची बायको रेखा. रेखाला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. औरादच्या दवाखान्यात वैशाखात मुलगी झाली आणि चौथ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. मला बोलावणं आलं ते त्यानंतर पाचव्या दिवशी. एवढा उशीर कामून, तर मी उन्हाळ्यात शेगडी लावू देत नाही हे शांताला पक्कं ठाऊक. तिनं आधी स्वतः शेगडी लावली, सगळं आपल्या मनासारखं बसवलं, आणि मग नुसतं न्हाऊ घालायला मला बोलावलं.

मी पोचले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. आतल्या खोलीचं दार उघडलं तर भाकरीच्या तव्यावर तोंड धरल्यासारखी झळ आली. वर पत्रा, खाली निखारे, मध्ये रेखा. तिच्या पोटाजवळचं लेकरू मी हातात घेतलं. पोट कढत, तळवे कढत, ओठ वाळलेले, टाळू खोल गेलेली. रडत नव्हतं. न रडणाऱ्या लेकराला लोक गुणी म्हणतात, मी घाबरते. लंगोट विचारला, तर काल संध्याकाळपासून कोरडा. रेखाला काही विचारावं तर तिची जीभ टाळूला चिकटलेली.

मी उभ्या उभ्याच दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. गाडी यायला पाऊण तास लागेल म्हणाले. तेवढा वेळ त्या खोलीत ते लेकरू राहिलं असतं तर गाडी रिकामी परत गेली असती, हे मला दिसत होतं. मी शांताला म्हटलं, शेगडी बाहेर काढ, या दोघींना झाडाखाली घेऊ. तर ती दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"वारं लागलंय पोरीला. म्हणून तर सकाळी निखारे वाढवले. अन् तू तिला बाहेर काढायलीस?"

मी सांगितलं, वारं नाही, ऊन लागलंय. डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. त्या वाडीतल्या लेकराचं सांगितलं. शांता ऐकत होती, हलत नव्हती.

"अक्का, माझ्या बाजेखाली तूच पेटवलीस का न्हाई?"

"व्हय, मीच."

"मग माझ्या सुनेला कामून न्हाई? तिला आई न्हाई म्हणून मी हात आखडू व्हय? उद्या कंबर धरून बसली तर लोक कुणाला नावं ठेवतील?"

शांता दुष्ट बाई नव्हती हो. आईविना पोरीला आईनं केलं असतं तेवढं सगळं करायचं, यात काही कमी पडू द्यायचं नाही, या हट्टानं ती स्वतः चार दिवस झोपली नव्हती. आणि तिच्याशी भांडत कोण होतं, तर मीच. माझंच शिकवलेलं माझ्यापुढं दार अडवून उभं होतं. तिला ढकलावं तर ती माझ्या दुप्पट. समजावत बसावं तर वेळ नाही.

मग मला सुचलं. शांता कशालाही ऐकत नाही, पण पैजेला नाही म्हणत नाही.

मी म्हटलं, "शांते, एवढी तुझी शेगडीची कंबर, तर तूच झोप त्या बाजेवर. डोक्याला फडकं बांध, दार लाव. गाडी येईस्तोवर उठली न्हाईस तर गाडी परत पाठवते आणि उद्यापासून मी माझ्या हातानं शेगडी लावते."

तिनं चौकटीवरचा एक हात काढला. मग म्हणाली, "शब्द?"

"शब्द."

गाडी मी परत पाठवणार नव्हते. चक्क खोटं बोलले. उभ्या आयुष्यात बोललेलं ते माझं सगळ्यात चांगलं खोटं. मला पैज जिंकायची नव्हतीच, मला बाज रिकामी करून हवी होती. बाजेवर दोघी मावत नाहीत. शांता झोपायची तर रेखाला उठावं लागणार, आणि रेखा उठली की लेकरू तिच्याबरोबर बाहेर.

शांतानं फडकं आवळून बांधलं, बाजेवर अंग टाकलं आणि आतून हुकूम सोडला की दार नीट लावा, फट ठेवू नका. मी दार लोटलं आणि मायलेकींना घेऊन मागच्या लिंबाखाली गेले.

आता माझे हात ऐका. डोकं घाबरलेलं होतं, हात नव्हते. लेकराचं दुपटं, अंगडं, टोपडं काढलं, नुसता लंगोट ठेवला. कोमट पाण्यात मऊ फडकं भिजवून कपाळ, मान, काखा, जांघा पुसल्या. गार पाणी नाही, गार पाण्यानं लेकरू दचकतं आणि थरथरतं. रेखाच्या डोक्याचं फडकं सोडलं आणि तिच्या हातात माठातल्या पाण्याचा तांब्या दिला. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला काही चोरून देत आहे. तांब्या एका दमात संपला. दुसरा भरला, तो जरा सावकाश प्याली. मग लेकरू पदराखाली दिलं. ओढेना. तोंड उघडायचीसुद्धा ताकद नव्हती. मी रेखाच्या हातावर हात ठेवून थोडं दूध पिळलं, थेंब थेंब ओठावर सोडलं. आधी ओठ हलले, मग जीभ. मग तिनं एकदा ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं, आणि मग अशी लागली की रेखाच्या तोंडून 'आई ग' निघालं.

मी मधून मधून दारापाशी जाऊन हाक मारत होते. "शांते?" आतून "हूं" यायचं. दुसऱ्यांदाही "हूं" आलं, जरा जड. तिसऱ्यांदा आलं नाही.

दार ढकललं. ती बाजेच्या कडेला बसली होती, भिंत धरून, फडकं घामानं भिजून डोळ्यांवर आलेलं. उठायचं होतं पण पाय उचलत नव्हते. एक जीव वाचवायच्या नादात दुसरा घालवते की काय, असं मला झालं. हाताला धरून, कमरेला धरून तिला लिंबाखाली आणली आणि रेखाशेजारी बसवली. रेखानं लेकरू माझ्या मांडीवर दिलं, स्वतः उठून तांब्या भरला आणि सासूच्या तोंडाला लावला.

शांता पाणी प्याली. तोंड पुसलं. आम्ही पैजेचं काही काढलं नाही. मग ती सुनेकडं वळली.

"रेखा, पाच दिवस तू कामून बोलली न्हाईस ग?"

रेखा लेकराकडं बघत म्हणाली, "बोलले की, आत्या. तुम्ही म्हणालात, बाळंतिणीनं सोसायचं असतं."

शांताची मान माझ्याकडं वळली. पौषातल्या त्या माळवदात, तिनं दुसरी वाटी पाणी मागितलं तेव्हा, हे शब्द मीच तिला ऐकवले होते. तिनं ते तीस वर्षं सांभाळून ठेवले आणि जसेच्या तसे सुनेला दिले.

"ते मी शिकवलं शांते," मी म्हटलं. "चुकीचं शिकवलं."

तेवढ्यात लेकरानं माझ्या मांडीवर लंगोट ओला केला. लोक गंगेच्या पाण्याचं सांगतात, मला तो लंगोट आठवतो.

गाडी आली तेव्हा शांतानं नातीला स्वतः उचललं. दुपट्यात गुंडाळलं नाही, पदराची सावली धरून नेलं आणि ड्रायव्हरला खिडक्या उघडायला लावल्या. दवाखान्यात पोरीला पाणी चढवलं, दोन दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ घरात राहिली असती तर कठीण होतं. आता ती चांगली चार-पाच वर्षांची झालीय आणि आजीसारखीच एक हात कमरेवर ठेवून चालते.

दवाखान्यातूनच शांतानं मल्लूला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, अव्वा, इथं उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवायचा सरकारी हुकूम आहे. आमचा मुकादम स्वतः सावलीत बसवतो, मिठाचं पाणी पाजतो, कारण धडधाकट माणसं उभ्या उभ्या कोसळली आहेत. शांतानं हे मला सांगितलं आणि वर म्हणाली, "बघ, परक्या मुलखातला मुकादम माझ्या पोराला सावलीत बसवायलाय, अन् मी त्याच्या लेकीच्या बुडाखाली निखारे घालायले."

तुम्हाला वाटेल, झालं, शांता सुधारली, गोष्ट संपली. शांता सुधारणाऱ्यांतली नाही, सुधारवणाऱ्यांतली आहे. पुढच्या उन्हाळ्यात गावात कुणाच्या घरी बाळंतीण येणार कळलं की ही आधी त्या घरी हजर. सासूला सांगायची, भाषण नाही, डॉक्टरांचं नाव नाही. बाज टाका जिथं टाकायची तिथं, खाली शेगडी लावा, फडकं बांधा, दार लावा, आणि भर दुपारी आधी तुम्ही झोपून दाखवा. तुम्हाला सोसलं तर सुनेला झोपवा. कुणी आढेवेढे घेतले तर ही दाराबाहेर ठाण मांडून बसायची. आतापर्यंत एकही सासू दोन-तीन भाकरी भाजून व्हायच्या वेळेपलीकडं टिकली नाही. बाजा ओसरीत आल्या, गोठ्याच्या सावलीत आल्या, एका घरी तर सगळ्यांत गार म्हणून ज्वारीच्या कोठाराच्या खोलीत गेली. खिडकीला ओलं पोतं, बाळंतिणीच्या उशाशी भरलेला माठ. पौषात कुणाकडं थंडी पडली तर शेगडी आजही लावतात, दार उघडं ठेवून. त्याला माझी ना नाही.

आता ही रीतच पडून गेली आहे. शेजारच्या गावांत पोचली, पलीकडं तेलंगणातही सोयरिकीबरोबर गेली म्हणतात. नव्या पोरींना वाटतं, ही जुनीच चाल असेल. मी सांगत नाही.

मी न्हाऊ घालायला जात नसले तरी फोन येतात. पूर्वी बोलावणं आलं की मी विचारायची, गोवऱ्या आहेत का, शेपा आणलाय का. गेल्या वैशाखात औरादहून एका सासूचा फोन आला. नातू झाला होता, दुसऱ्या दिवशी सून घरी येणार होती. काय काय तयारी करू म्हणाली. मी म्हटलं, बाकीचं राहू द्या, सासू झोपून उठली का?

पलीकडून बाई जरा लाजल्यासारख्या झाल्या. म्हणाल्या, "झोपले की, अक्का. भाजी फोडणीला टाकून झोपले होते, ती करपायच्या आत उठले. बाज ओसरीत टाकलीय."